टेकडीवरची फक्की

पाणीपुरवठा खात्यात नोकरी केली असं सांगितलं, की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग आमच्याकडं प्रेशर का कमी येतं?" निवृत्त झाल्यावर मी नाशकात गंगापूर रोडला फ्लॅट घेतला. तेव्हापासून सोसायटीत कुणाचा नळ गळो, गच्चीवरची टाकी वाहो नाहीतर गीझर बिघडो, बेल माझ्याच दाराची वाजते. मी अभियंता होतो, प्लंबर नव्हतो, हे सांगून सांगून जीभ झिजली. शेवटी एक पाना विकत आणून ठेवला. मात्र इतक्या वर्षांत "पाणी येतं कुठून?" असं मला एकाही माणसानं विचारलेलं नाही. पाणी नळातून येतं. नळाच्या मागं पाइप, पाइपच्या मागं टाकी, टाकीच्या मागं शिव्या खायला कुणीतरी अधिकारी. त्याच्या पलीकडं लोकांच्या लेखी जग संपतं.

माझं काम नेमकं तिथून पुढं सुरू व्हायचं. नांदगावच्या बाजूला एका लहानशा नगरपालिकेत मी पाणीपुरवठा अभियंता होतो. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. तिथली माणसं अजून माझ्याकडं येऊन-जाऊन असतात, आणि दुर्दैवानं दिवाळी अंक वाचतात. त्या भागात पाऊस म्हणजे श्रीमंत नातेवाईक. येईन म्हणतो, येत नाही, आणि आला तरी कुणाला न भेटता निघून जातो. गावाची सगळी तहान चिंचतळ्यावर. टेकडीच्या पायथ्याशी मातीचा बांध घालून फार पूर्वी कुणा शहाण्या माणसानं केलेला हा तलाव. त्याच्या डोक्यावर घोडटेकडी. तळ्याकाठी चिंच एकही नव्हती आणि टेकडीवर घोडा कुणी पाहिलेला नव्हता, पण नावं ठेवताना आपल्याकडं पुरावा मागत नाहीत.

पाणलोट हा शब्द ऐकला की माणसं जांभई देतात, म्हणून मी तो कौलारू घरावरून समजावत असे. पाऊस छपरावर पडतो. आढ्याच्या अलीकडं पडलेला अंगणात उतरतो, पलीकडं पडलेला परसात. अंगणातल्या पन्हळीखाली तुम्ही हंडा ठेवलात, तर छपराची अलीकडची बाजू हे त्या हंड्याचं पाणलोट. आता त्या कौलांवर कबुतरं बसली, कुणी राख टाकली, पोरांनी चिखलाच्या चपला फेकल्या, तर ते सगळं हंड्यातच येणार. चिंचतळं हा आमचा हंडा, घोडटेकडीचा उतार हे छप्पर आणि टेकडीचा माथा हे आढं. शास्त्र एवढंच आहे. बाकीचं आम्ही पगाराला शोभावं म्हणून वाढवलेलं.

पण नगरपालिका हंड्याकडंच बघत बसते. पाणी गढूळ झालं, टाका तुरटी. वास आला, टाका ब्लिचिंग. छपरावर चढून बघायला कुणी तयार नसतं, कारण छप्पर हद्दीबाहेर असतं. आमच्या छपरावर काय चालत नव्हतं ते विचारा. डाळिंबावर औषध मारून झालं की फवारणीचे पंप ओढ्यात धुवायचे. एकाला मी म्हटलं, बाबा रे, हे विष आहे, खाली अख्खं गाव पितं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, झाडाला चाललं, मग माणसाला का नाय चालणार?" याचं उत्तर कॉलेजात शिकवलेलं नव्हतं. पोळ्याला लोक बैल धुवायला तळ्यावर आणत, त्यांना मात्र मी कधी अडवलं नाही. वर्षातून एकदा थाटात अंघोळ करणाऱ्या बैलाला हाकलायचं आणि रोज टेम्पो धुणाऱ्याला नमस्कार करायचा, इतका अधिकारी मी झालो नव्हतो.

खरं दुखणं रंगनाथतात्यांचं होतं. टेकडीचा तळ्याकडचा जवळजवळ सगळा उतार त्यांच्या मालकीचा. त्यावर कुसळाशिवाय काही उगवत नसे, म्हणून त्यांनी तो मुरमासाठी एका ठेकेदाराला दिला होता. मुरूम म्हणजे टेकडीची ती पिवळट भुसभुशीत माती. प्लॉट भरायला, रस्त्याखाली घालायला तिला मोठी मागणी. जेसीबी दिवसभर टेकडी खात राही, आणि पाऊस आला की उरलेली टेकडी तळ्यात उतरे. तात्या अंगानं किडकिडीत, डोक्यावर पांढरी टोपी आणि बोलणं मधासारखं. त्यांच्याशी भांडण करणं अशक्य होतं, कारण ते माझ्या प्रत्येक वाक्याला "बरोबर हाय साहेब" म्हणत आणि जेसीबी चालू ठेवत. मी एका कार्यालयाला पत्र लिहिलं, त्यांनी दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि फिरत फिरत ते पत्र योग्य कार्यवाहीसाठी माझ्याकडंच आलं.

इकडं गावात नळाला चहाच्या रंगाचं पाणी यायला लागलं. एक निवृत्त मुख्याध्यापक होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. ते रोज सकाळी नळाचं पाणी बाटलीत भरून आणत, माझ्या टेबलावर ठेवत आणि एक शब्द न बोलता निघून जात. वर्गात उशिरा आलेल्या मुलाकडं बघावं तसं तेवढं बघत. पावसाळा संपेपर्यंत माझ्या कपाटावर बाटल्यांची रांग लागली. आमच्या शिपायानं त्यातली एक बाटली चहा समजून पाहुण्यांसाठी गरम करायला घेतली होती, ती मी वेळेवर अडवली.

आमच्या नगराध्यक्षांना सगळे ताई म्हणत. त्यांच्या घरचा दुधाचा धंदा होता, त्यामुळं पाणी आणि त्याची मिसळ यातलं त्यांना उपजत कळत असे. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि सरळ सांगितलं, की सदस्यांचा धीर सुटला आहे. लांबच्या धरणावरून पाइपलाइन आणायची योजना तयार आहे. तळं बुजवून तिथं व्यापारी संकुल काढायचं, असंही बऱ्याच जणांच्या मनात आहे. "पुढचे दोन पावसाळे मी सगळ्यांना थोपवून धरते. तेवढ्यात तळं निवळलं तर ठीक, नाहीतर मी बुजवायच्या ठरावावर सही करणार," त्या म्हणाल्या. बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती ती.

लांबच्या धरणाची मला धास्ती होती. त्या धरणावर आधीच डझनभर गावांचा डोळा. आम्ही रांगेत शेवटचे. वीज गेली की पाणी गेलं, मुख्य पाइप फुटला की आठवडा गेला. आपला हक्काचा हंडा फोडायचा आणि शेजाऱ्याच्या नळावर जाऊन उभं राहायचं, असला तो प्रकार. आणि खरं सांगायचं तर मला ते तळं आवडत होतं. संध्याकाळी त्याच्या बांधावर बसलं की दिवसभरच्या शिव्या उतरत. अहवालात असलं लिहिता येत नाही, म्हणून इथं लिहितो.

मी कंबर कसली आणि पाणलोट आराखडा तयार केला. टेकडीचा माथा धरून नकाशावर ठळक रेषा मारली, हिच्या आत काय चालेल आणि काय नाही ते लिहिलं आणि नकाशा सभेत भिंतीवर लावला. पहिला प्रश्न एका सदस्यानं विचारला: "आमचा वार्ड पाणलोटातून का वगळला?" मी म्हटलं, तुमचा वार्ड तळ्याच्या खाली आहे, त्याचा संबंध नाही. ते म्हणाले, हा अन्याय आहे. दुसऱ्यांनी त्यांना पाठिंबा दिला. तिसऱ्यांनी सुचवलं, की आधी जुनी वस्ती घ्या आणि नव्या कॉलन्या टप्प्याटप्प्यानं पाणलोटात घ्या. शेवटी संपूर्ण गाव पाणलोट क्षेत्रात घ्यावं असा ठराव एकमतानं मंजूर झाला. टेकडीनं तो मानला नाही, एवढंच.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की नकाशा लोकांना कळत नाही. रेषा त्यांना पायाखाली दाखवली पाहिजे. कबड्डीच्या मैदानावर आखायला वापरतात ती चुन्याची पांढरी फक्की आणली, आणि आमचे व्हॉल्व्हमन सोनवणे यांना घेऊन टेकडीवर गेलो. पुढं मी पाणी कुठून कुठं वळतं ते बघत चाललोय, मागं सोनवणे फक्की टाकत येतायत. माथ्यावरून वळणं घेत गेलेली ती पांढरी रेघ खालच्या वस्तीवरून सुरेख दिसत होती. पुढच्या आठवड्यात गावकऱ्यांना वर आणायचं, रेघेवर उभं करायचं आणि सांगायचं, की बाबांनो, तुम्ही आत्ता आढ्यावर उभे आहात. असा माझा बेत होता.

तो आठवडा उजाडायच्या आत घोटाळा झाला. शेळ्या राखणाऱ्या एका बाईनं सोनवण्यांना विचारलं, हे काय चाललंय. सोनवणे म्हणाले, "पाण्याचं काम हाय." अगदी खरं उत्तर. पण ती बाई काही वेडी नव्हती. तिनं वस्तीवर जाऊन सांगितलं आणि संध्याकाळी मारुतीच्या पारावर रंगनाथतात्यांनी त्याचा निकाल लावला. पाणी खाली असतं की वर? खाली. मग टेकडीच्या माथ्यावर पाण्याचं काम कशाला असेल? म्हणजे हे खोटं सांगतायत. आणि सरकारी माणूस खोटं कधी सांगतो? जमीन जायची असते तेव्हा. म्हणजे रस्ता. त्या दिवसांत सगळ्या जिल्ह्यात मोठमोठ्या रस्त्यांची हवा होती; जिथं तिथं आखणी आणि मोबदला याच गोष्टी. एकानं शंका काढली, की रस्ता एवढा वाकडातिकडा कसा? त्यावर तात्यांचं उत्तर तयार होतं: "पुढाऱ्यांच्या जमिनी चुकवत आला असंल." हे सगळ्यांना पटलं.

मी पारावर जाऊन सभा घेतली. इथून कोणताही रस्ता जाणार नाही, ही पाणलोटाची रेघ आहे, म्हणून छप्पर, आढं, हंडा असं सगळं रामायण सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. मग तात्यांनी मला बाजूला घेऊन चहाचा कप हातात दिला आणि हळूच डोळा मारून म्हणाले, "बरोबर हाय साहेब. तुमची नोकरी हाय, तुम्हाला असंच बोलावं लागतंय. आम्ही समजून घेतलं." तो चहा निव्वळ दुधाचा होता.

मग मी टेकडीच्या पायथ्याशी पाटी लावली: 'येथून कोणताही रस्ता प्रस्तावित नाही.' ही माझी घोडचूक. जी गोष्ट नाही तिची पाटी कोण लावतं? तोवर जे दोघे-चौघे कुंपणावर होते, तेही पाटी वाचून पक्के झाले. लोक मला भेटायला येऊ लागले. कुणी कांद्याची गोणी, कुणी गावठी तूप. म्हणणं सगळ्यांचं एकच: रेघ जरा आमच्या बांधावरून घ्या. मी तूप परत करून सांगायचो, ती रेघ मी ठरवलेली नाही, टेकडीनं ठरवली आहे, तिला हलवता येत नाही. त्याचा परिणाम असा झाला, की माणूस लय पक्का आहे, याच्यावर थेट मंत्रालयातून दबाव असणार, असं माझं नाव झालं. एवढा मान मला खात्यानं कधी दिला नव्हता. आणि घरी एक दिवस जेवताना बायको पोळी वाढता वाढता म्हणाली, "अहो, बाहेर सांगू नका, पण मला तरी खरं सांगा. दादा विचारत होता." दादा म्हणजे माझा मेहुणा. त्याला टेकडीजवळ जमीन घ्यायची होती. मी नाही म्हटलं, तर ती दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली.

या गोंधळाला पंधरवडा झाला असेल, आणि एका सकाळी टेकडीवरून आवाज येईनासा झाला. मी धावत गेलो. जेसीबी ट्रेलरवर चढवला जात होता, ठेकेदार तणतणत होता आणि रंगनाथतात्या हात जोडून त्याला वाटेला लावत होते. जी गोष्ट कायद्यानं, पत्रांनी आणि माझ्या भाषणांनी झाली नव्हती, ती सोनवण्यांच्या फक्कीनं झाली. तात्यांचं गणित साधं होतं. जमिनीला मोबदला मिळतो, खड्ड्याला कोण देतं?

पण तात्या तेवढ्यावर थांबणारे नव्हते. रस्त्यात जमीन गेली तर तिच्यावर असलेल्या प्रत्येक गोष्टीची किंमत लावतात: झाड, विहीर, बांधबंदिस्ती, सगळं. म्हणून आखणीचा वास आला की रातोरात बागा उभ्या राहतात. नुसत्या काड्या खोचतात, मोजणी होईपर्यंत हिरव्या दिसल्या म्हणजे झालं. तात्यांनी उतारावर, थेट फक्कीच्या रेघेला धरून, आंबा लावला, सीताफळ लावलं, जांभूळ लावलं. त्यांचं बघून बाकीच्यांनीही लावलं. जुन्या खड्ड्यांना दगडी ताली घातल्या, ओघळींवर बांध घातले. मोजणी काही येईना. पण सरकारी काम म्हटलं की उशीर आलाच. उशीर होतोय याचाच अर्थ काम मोठं आहे. तोवर झाड मेलं तर मोजणार कोण? म्हणून माणसं त्या रोपट्यांना पोटच्या पोरासारखी जपू लागली. शेळ्यांना टेकडीवर बंदी झाली. उन्हाळ्यात तात्यांच्या मालकीण, म्हणजे त्यांच्या पत्नी, हंड्यानं पाणी वाहून झाडांना घालत. त्या मला वाटेत भेटल्या की पदर सावरून विचारत, "कधी येनार हाय ओ रस्ता?" मी म्हणायचो, "वहिनी, येणार नाही." त्या हसून पुढचा हंडा उचलत.

मी प्रत्येकाला खरं सांगत होतो, हे लक्षात घ्या. विचारील त्याला आणि न विचारील त्यालाही. सत्य सांगून इतका फायदा मला उभ्या आयुष्यात दुसऱ्यांदा झाला नाही.

पहिल्या पावसाळ्यात नळाचं पाणी चहावरून लिंबाच्या सरबतावर आलं. दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी गुरुजी नेहमीसारखे आले, पण बाटली टेबलावर न ठेवता खिडकीशी नेऊन उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. इतक्या महिन्यांनंतर ते पहिल्यांदाच बोलले. "यात काय टाकलंत?" मी म्हटलं, काही नाही गुरुजी. "काही नाही कसं? इतकं स्वच्छ पाणी नगरपालिका देते का?" आणि त्यांनी पाणी संशयास्पदरीत्या स्वच्छ येत असल्याची लेखी तक्रार दिली. माझ्या नोकरीतलं ते सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र.

ताई स्वतः तळ्यावर आल्या. जुन्या घाटाच्या पाण्याखाली गेलेल्या पायऱ्या म्हातारी माणसं सांगायची, आम्ही कुणी पाहिल्या नव्हत्या. त्या दिवशी पाण्यातून खालपर्यंत पायऱ्या दिसत होत्या. ताई बराच वेळ तिथं उभ्या राहिल्या. पाइपलाइनची फाइल कपाटात गेली, तळं वाचलं. जाताना गाडीत बसता बसता त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "रस्ता खरंच आहे का हो?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "असू द्या. तुम्ही नाहीच म्हणत राहा."

पुढं आमच्या तळ्याची कीर्ती झाली आणि एक अभ्यासमंडळ पाहायला आलं. लोकसहभाग कसा मिळवलात, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, फक्की टाकून. त्यांनी ते गंभीरपणे टिपून घेतलं. नंतर कळलं, की त्यांच्या अहवालात फक्की ही जलसंवर्धनाची पारंपरिक लोकपद्धत म्हणून आलेली आहे.

आता हसू येतं, पण तेव्हा एक सल होता. मी वर्षानुवर्षं छप्पर आणि हंडा सांगत फिरलो, आणि पाण्यासाठी म्हणून एका माणसानं एक रोप लावलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. लावली ती रस्त्यासाठी, आणि तेही नसलेल्या. निवृत्तीच्या समारंभात सगळे माझ्या आराखड्याचं कौतुक करत होते, आणि मला मात्र हार सोनवण्यांच्या गळ्यात घालावासा वाटत होता. तळं निवळलं याचा आनंद खरा होता. पण लोकांना ते कशामुळं निवळलं हे कधी कळलंच नाही, असं मी समजून होतो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी दाराची बेल वाजली. मी सवयीनं पाना घेऊन दार उघडलं, तर रंगनाथतात्या. आणखी किडकिडीत झालेले, डोक्यावर तीच टोपी, हातात सीताफळांची पाटी. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "साहेब, रस्ता आला."

मी मोठ्यानं हसलो. तात्या हसले नाहीत. खरोखरच मोजणीची माणसं आली होती. वर ड्रोन फिरवला होता, दगडांना लाल रंग लावला होता. रस्ता घोडटेकडी मधोमध कापून जाणार होता. म्हणजे टेकडी गेली, आणि पहिल्या पावसात तळंही गेलं, हे तात्यांना मला समजावून सांगावं लागलं नाही. तरी मी चेष्टेनं म्हटलं, "म्हणजे अखेर तुमचंच खरं झालं, तात्या. आता मोबदला घ्या."

"मोबदला घिऊन काय करू?" तात्या म्हणाले. मग ते पाटीतल्या सीताफळांकडं बघत बोलत राहिले. विहिरीला आता मे महिन्यातही पाणी असतं. टँकर वस्तीवर यायचा बंद झाला, त्याला किती तरी वर्षं झाली. बायको दोन वर्षांपूर्वी गेली. "वरच्या आंब्याला हंड्यानं पाणी तिनंच घातलं. शेवटच्या उन्हाळ्यात तिला घरात करमत नसायचं, त्याच्याच सावलीला बसून जेवायची. त्या झाडावर मी कशी सही करू, साहेब?"

मग त्यांनी विचारलं, "तवा तुम्ही रस्ता नाय म्हणत होते, ते खरंच नव्हता का?"

"खरंच नव्हता."

"मग सांगायचं ना."

"तात्या, मी पाटी लावली होती."

"तसं नाय. मनापासून सांगायचं." आणि वर माझ्याकडंच असं बघितलं, की चूक माझीच होती असं मलाही क्षणभर वाटलं.

हरकतींची सुनावणी त्याच दुपारी नाशकातच होती. मी तात्यांबरोबर गेलो. समोर एक तरुण अधिकारी, बोलायला नम्र, त्याच्या पुढ्यात संगणकावर टेकडीचं चित्र. मी उत्साहानं गावच्या पाण्याचा मुद्दा मांडायला सुरुवात केली: समजा, कौलारू घर आहे, त्याचं आढं... तो म्हणाला, "सर, आढं म्हणजे?" बिचारा फ्लॅटमध्ये वाढलेला. माझं आयुष्यभराचं शास्त्र एका प्रश्नात खाली बसलं. मग मी सरळ सांगितलं, की या टेकडीवरून उतरणारं पाणी एक गाव पितं, आणि टेकडी कापली की ते गाव गाळ पिणार. त्यानं ते लिहून घेतलं.

नंतर त्यानं चित्र मोठं केलं. वरून बघताना झाडांच्या रांगा स्पष्ट दिसत होत्या, थेट माथ्यावरच्या वळणाबरोबर वळत गेलेल्या. सोनवण्यांची फक्की केव्हाच पावसानं धुऊन गेली होती, पण रेघ अजून तिथं होती, हिरवी. तो तात्यांना म्हणाला, "आजोबा, राग मानू नका. पण इतकी दाट, इतकी ओळीत झाडं... ही मोबदल्यासाठी लावलेली दिसतात."

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "हो साहेब," ते म्हणाले. "मोबदल्यासाठीच लावली. मालकीण पानी घालीत व्हती, तेबी त्याच्यासाठीच. आता मोबदला नको. झाडं ऱ्हाऊ द्या."

अधिकाऱ्यानं तेही लिहून घेतलं. मग म्हणाला, की दुसरी एक आखणीही विचारात आहे, मी तुमचं म्हणणं नीट लिहून पाठवतो, अंतिम काय ते वर ठरेल. तात्यांनी पाटीत राखून ठेवलेली दोन सीताफळं त्याच्या टेबलावर ठेवली. त्यानं घ्यायला नकार दिला, तेव्हा म्हणाले, "मोबदला नाय साहेब, परसाद समजा."

आम्ही जिना उतरून खाली आलो. तात्या कठडा धरून थांबले. "साहेब, खरं सांगा. रस्ता येईल का?"

"नाही येणार, तात्या."

त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. मला वाटलं, आता डोळा मारतील. नाही मारला. "मग बरं," असं म्हणाले, टोपी डोक्यावर घातली आणि रिकामी पाटी काखेत मारून स्टँडकडं निघाले.

अंतिम आखणी अजून जाहीर झालेली नाही. त्या माणसाला मी इतकी वर्षं खरं सांगितलं आणि त्यानं एकदाही विश्वास ठेवला नाही. आणि ज्या दिवशी ठेवला, त्या दिवशी मी जे सांगितलं ते खरं होतं की खोटं, हे मला अजून ठाऊक नाही.